पाहुणे परतल्यानंतर : आल्प्समधील पर्यटन आणि क्रीडोत्सव

आल्प्स हे नाव कानी पडताच डोळ्यांपुढे हिमाच्छादित शिखरे उभी राहतात. परंतु त्या पर्वतातील जर्मनभाषक रहिवाशांच्या बोलीत ‘आल्प’ या शब्दाचा अर्थ निराळा आहे. उन्हाळ्यात गुरे चारण्यासाठी जेथे नेली जातात, ते उंचावरील कुरण म्हणजे आल्प. ज्या हिरव्या उतारांची चित्रे पाहून जगभरचे प्रवासी तिकडे धाव घेतात, ते उतार शतकानुशतके गुराख्यांनी राखले, चारले आणि कापले, म्हणूनच आज तसे दिसतात. पर्यटनाच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. आल्प्स हा केवळ प्रेक्षणीय देखावा नाही. आठ देशांत पसरलेल्या, सुमारे १ लाख ९० हजार चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात जवळजवळ १ कोटी ४० लाख लोकांची घरेदारे आहेत.

या लोकांना पर्यटन नकोसे आहे असे मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकात तेथील अनेक खोरी अत्यंत दरिद्री होती. जमीन थोडी, हिवाळा दीर्घ, आणि घरात खाणारी तोंडे अधिक. त्यामुळे तरुण माणसे उपजीविकेसाठी दूरदेशी जात. १८६३ साली टॉमस कुक याने इंग्रज प्रवाशांची पहिली सहल स्वित्झर्लंडला नेली. १८६५ साली एडवर्ड व्हिंपर व त्याचे सहकारी मॅटरहॉर्नच्या शिखरावर पोहोचले. उतरताना त्यांपैकी चौघे मृत्युमुखी पडले आणि पायथ्याचे त्सेरमाट हे खेडे युरोपभर गाजले. पुढे आगगाडी आली, उपाहारगृहे व निवासगृहे उभी राहिली, हिवाळ्यातही पाहुणे येऊ लागले. गावातील तरुण गावातच राहू शकला, हे पर्यटनाचे मोठेच उपकार होत. म्हणून पर्यटन असावे की नसावे हा येथे वाद नाही. पाहुणा परतल्यानंतर यजमानाच्या अंगणात काय उरते, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाची चुणूक १९६४ साली इन्सब्रुक येथे भरलेल्या हिवाळी ऑलिंपिक स्पर्धांत दिसली. त्या वर्षी ऐन हिवाळ्यात बर्फच पडले नाही. तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी उंचावरून बर्फाच्या सुमारे २० हजार लाद्या आणि ४० हजार घनमीटर बर्फ खाली आणले, आणि स्पर्धा पार पडल्या. त्या काळी तो अपवाद मानला गेला. आज अपवाद आणि नियम यांनी जागा बदलल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आल्प्सचे सरासरी तापमान सुमारे २ अंश सेल्सिअसने वाढले आहे. २०२२ व २०२३ या अवघ्या दोन वर्षांत स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांचे सुमारे दशांश आकारमान नाहीसे झाले.

सैनिकांचे काम आता यंत्रे करतात. पाण्याचे सूक्ष्म तुषार थंड हवेत फवारून कृत्रिम बर्फ तयार केले जाते. एक हेक्टर उतारावर ३० सेंटिमीटर जाडीचा थर द्यावयाचा, तर सुमारे १० लाख लिटर पाणी लागते. हिवाळ्यात ओढे आटलेले असतात; म्हणून पाणी साठविण्यासाठी उंचावर तलाव खोदावे लागतात, नळ पुरावे लागतात, विजेची सोय करावी लागते. उतार यंत्रांनी सपाट केला की माती दाबली जाते, आणि त्या उंचीवर गवत पुन्हा रुजण्यास दीर्घ काळ लागतो. शिवाय ही यंत्रे हवा पुरेशी थंड व कोरडी असेल तरच चालतात. ज्या उष्म्यावर उपाय म्हणून ती आणली, तोच उष्मा वाढला तर तीही निरुपयोगी ठरतात.

मोठ्या क्रीडोत्सवांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. उत्सव दोन आठवड्यांचा असतो. त्यासाठी उभारलेली बांधकामे मात्र अनेक दशके जागा अडवून बसतात. २००६ साली तोरिनो येथे हिवाळी ऑलिंपिक झाले. त्या वेळी आयोजकांनी पर्यावरणाची काळजी घेण्याच्या पुष्कळ योजना आखल्या होत्या. उत्सर्जनाची भरपाई करण्याचा कार्यक्रमही त्यांत होता. तरीही बॉबस्ले, म्हणजे बर्फावरील घसरगाडी, या खेळासाठी चेसाना येथे बांधलेला काँक्रीटचा मार्ग काही वर्षांतच बंद पडला. पुढे २०२६च्या मिलान-कोर्तिना स्पर्धांसाठी इटलीत असा मार्ग उरला नव्हता. शेजारच्या देशांत तयार असलेले मार्ग वापरावेत, असा सल्ला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने दिला होता. तो न मानता कोर्तिना येथे नवा मार्ग बांधण्यात आला, आणि त्यासाठी २०२४ साली लार्चची शेकडो झाडे तोडली गेली.

याच खेळाचा दुसरा मार्ग स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथे आहे. तो १९०४ साली सुरू झाला. १९२८ व १९४८ अशा दोन ऑलिंपिक स्पर्धा त्यावर झाल्या. या मार्गाला काँक्रीटचा पाट नाही की गोठविणारी यंत्रणा नाही. दरवर्षी हिवाळ्याच्या आरंभी कसबी कारागीर बर्फ आणि पाणी यांच्या साहाय्याने सुमारे तीन आठवड्यांत तो हातांनी घडवितात. वसंत ऋतू आला की मार्ग वितळून जातो आणि खाली पूर्वीचाच उतार उघडा पडतो. हिवाळे असेच उबदार होत गेले तर हा मार्गही धोक्यात येईल, हे खरे. परंतु उत्सव भरवूनही डोंगर डोंगरासारखा ठेवता येतो, याचा तो शतकाहून अधिक काळ चालत आलेला पुरावा आहे.

बांधकामानंतरचा दुसरा मुद्दा वाहतुकीचा. कागदी पेले टाळले, कचरा वेगळा केला, की उत्सव पर्यावरणस्नेही झाला अशी एक समजूत आहे. ही कामे चांगलीच आहेत. पण पाहुण्यांच्या प्रवासातून होणाऱ्या प्रदूषणापुढे त्यांचे प्रमाण अल्प असते. या दृष्टीने वेंगेन हे गाव अभ्यासण्यासारखे आहे. तेथे १९३० पासून लाउबरहॉर्नची प्रसिद्ध स्की-शर्यत होते. खोऱ्यातून गावापर्यंत मोटारीचा रस्ताच नाही. सहस्रावधी प्रेक्षक दातेरी रुळांच्या आगगाडीने येतात आणि तिनेच परततात. कृत्रिम बर्फावाचून वेंगेनचेही भागत नाही, परंतु वाहनतळासाठी त्याने आपली कुरणे दिली नाहीत. त्सेरमाटला जाणारा प्रवासी आपली मोटार पाच किलोमीटर अलीकडे टेश येथे ठेवून आगगाडीत बसतो. दस्तुरी नाक्यावर मोटार सोडून माथेरानला जाणाऱ्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. ऑस्ट्रियातील वेर्फेनवेंग या गावाने याच्याही पुढे पाऊल टाकले. आगगाडीने येणाऱ्या, अथवा मुक्कामापुरत्या मोटारीच्या किल्ल्या स्वाधीन करणाऱ्या पाहुण्यांना तेथे स्थानिक वाहने व विजेवरील मोटारी वापरण्याची सवलत मिळते. पाहुण्याला उपदेश न करता त्याची सोय पाहिली, तर तो मोटार सोडावयास तयार होतो.

तिसरा आणि बहुधा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा म्हणजे निर्णय कोणी घ्यावयाचा. १९७२ साली अमेरिकेतील कोलोराडो राज्याच्या मतदारांनी १९७६च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी सरकारी पैसा देण्यास नकार दिला, आणि स्पर्धा पुन्हा इन्सब्रुकला आल्या. पुढे आल्प्समधील जनताही असाच विचार करू लागली. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांताने २०१३ व २०१७ साली, म्युनिक व गार्मिश-पार्टेनकिर्शेनसह बव्हेरियातील चार मतदारसंघांनी २०१३ साली, ऑस्ट्रियातील टिरोलने २०१७ साली आणि स्वित्झर्लंडच्या वाले प्रांताने २०१८ साली ऑलिंपिकचे प्रस्ताव मतदानाने फेटाळले. हे लोक खेळाचे वैरी नव्हेत. यांतील अनेक गावांत दरवर्षी स्पर्धा भरतात. झेपेल तेवढाच उत्सव आपल्या दारी असावा, अशी सावधगिरी या मतदानात दिसते.

घरांबाबतही हाच विवेक दिसून येतो. शहरी धनिक डोंगरात बंगले बांधतात आणि वर्षातील बहुतेक दिवस ते बंद राहतात. जमिनीच्या किमती मात्र एवढ्या चढतात की गावचा शिक्षक वा सुतार गावात राहू शकत नाही. मार्च २०१२ मध्ये स्विस मतदारांनी अल्प बहुमताने ठरविले की कोणत्याही गावात अशा दुय्यम घरांचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक असू नये. पर्यटनाने पूर्वी ज्याला गावात थांबविले, त्याच्यावर पर्यटनामुळेच गाव सोडण्याची पाळी येऊ नये, हा त्यामागील हेतू होता. १९९१ साली साल्झबुर्ग येथे झालेल्या आल्प्स-कराराचे सूत्रही निसर्गाचे रक्षण आणि रहिवाशांची उपजीविका या दोहोंचा मेळ घालणे हेच आहे.

हे अनुभव आपल्याला दूरचे नाहीत. जून २०१९ मध्ये उत्तराखंडातील औली येथे एक भव्य विवाहसोहळा झाला आणि डोंगरावर कचऱ्याचे ढीग साचले. उच्च न्यायालयाने ३ कोटी रुपये अनामत भरण्याचा आदेश दिला होता. अनामत रकमेतून कचरा उचलता येतो. पण किती पाहुणे यावेत, ते कसे यावेत आणि कोणते बांधकाम मागे राहावे, यांचा निर्णय निमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वीच, आणि तोही तेथील रहिवाशांना विचारून, व्हावयास हवा. आल्प्सला हे समजण्यास दीडशे वर्षे लागली आणि पुष्कळ उतार गमवावे लागले. हिमालयातील कुरणांवर अजून गुरे चरतात. तेथे हा विचार वेळेवर करणे शक्य आहे.