घरातील आकड्यांची वही

(कशेळे, ता. कर्जत, जि. रायगड येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वैद्य नव्हे, माहिती खात्यातील एक अधिकारी आहे. तरीही रक्तदाबाविषयी बोलण्यास उभा राहिलो, त्यास घरचे कारण आहे. माझ्या वडिलांना उच्च रक्तदाबासाठी गोळी सुरू झाली होती. काही महिन्यांनी बरे वाटू लागताच त्यांनी ती आपणहून बंद केली. आम्हां घरच्यांपैकी कोणी चौकशी केली नाही. पुढे एका पहाटे पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उपचारांत उणीव नव्हती; उणीव होती ती आमच्या लक्षाची.

पायात काटा मोडला तर पाऊल टाकवत नाही, म्हणून तो तात्काळ काढला जातो. उच्च रक्तदाब मात्र बहुधा दुखत नाही, आणि हाच त्याचा खरा धोका होय. हृदयाला अधिक जोर लावावा लागतो, त्याची भिंत जाड होत जाते. मेंदू, मूत्रपिंड व डोळे यांच्या रक्तवाहिन्यांना इजा पोहोचते. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की, जगात ३० ते ७९ वर्षे वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांना हा विकार आहे आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांना त्याची कल्पनाही नाही.

तेव्हा मोजणे हाच मार्ग. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू वा मिश्री घेऊ नये. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, पाय जमिनीवर असावेत, दंड हृदयाच्या पातळीवर असावा आणि बोलू नये. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत. दवाखान्यात १४०/९० किंवा घरी १३५/८५ च्या वर आकडे वारंवार येऊ लागले तर डॉक्टरांना दाखवावे. एकाच मोजणीवरून घाबरून जाऊ नये.

ही वही एका माणसाची नव्हे, कुटुंबाची असावी. हा विकार पुष्कळदा रक्ताच्या नात्यात आढळतो. शिवाय घरातील मीठही एकाच भांड्यातले असते. दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभराहून कमी, मीठ असावे. सुकी मासळी, पापड व लोणचे यांतील मीठही त्यातच मोजावे. एकाचा रक्तदाब वाढलेला आढळला की भावंडांचा व प्रौढ मुलांचाही तपासावा. घरातील स्त्री सर्वांना दवाखान्यात धाडते, स्वतः मात्र मागे राहते. तिचे नाव वहीत पहिले असावे. गरोदरपणी तर ही तपासणी मुळीच चुकवू नये.

महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा या जिल्ह्यांत सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाचा भर ठरावीक औषधे, त्यांचा अखंड पुरवठा, रुग्णाची नोंद आणि पाठपुरावा यांवरच होता. निदान होणे ही केवळ सुरुवात. खरे काम आहे ते गोळी चुकू न देण्याचे.

आपल्या कशेळ्यात ग्रामीण रुग्णालय आहे. परंतु भोवतालच्या वाड्यांतील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. गोळी तुटते ती याच काळात. पंचायत सदस्यांनी आशा सेविकांच्या साहाय्याने, कुटुंब निघण्यापूर्वीच वही व पुरेशी औषधे त्याच्या सोबत जातील, हे पाहावे. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना आकडे वाचावयास व लिहावयास शिकवावे. ज्या घरी आजी-आजोबांना अक्षरओळख नाही, तेथे नातच वही सांभाळील.

छातीत दाटून आले, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर वही बाजूस ठेवून तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वडिलांच्या गोळ्यांची चौकशी आमच्या घरात कोणी केली नाही. आज घरी गेल्यावर आपण ती अवश्य करावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.