आधी एक अनारसा सोडून बघा

आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत 'ऊर्जा व प्रगत तंत्रज्ञानातील लघुउद्योग संशोधन' असा भारदस्त छापलाय. नावाला घाबरू नका. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. ती मी दोन-तीनदा सांगणार आहे, कारण पहिल्यांदा सांगताना तुमच्यापैकी निम्मे लोक चहा गाळत असतील. सरकारने छोट्या उद्योगाला संशोधनासाठी पैसे द्यायचे, तर त्यात सगळ्यात मोलाचा हप्ता असतो तो पहिला. मोठा नव्हे, पहिला.

अनारसे करणारी बाई काय करते? तांदूळ तीन दिवस भिजवायचे, वाळवायचे, कुटायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं, एवढा खटाटोप झालेला असतो. म्हणून ती सगळे अनारसे एकदम थापून कढईत सोडते का? नाही. ती एक सोडते आणि बघते. तो तुपात हसला, म्हणजे जाळी पसरून विस्कटला, तर बाजूला ठेवलेली चिमूटभर पिठी मळून घेते. दगडासारखा झाला तर थोडं केळं किंवा दूध लावते. मग दुसरा सोडते. पीठ कितीही निरखलं तरी हे कळत नाही, ते तुपातच कळतं. आता हे पहिल्या अनारशापुरतं तूप द्यायचं कुणी? बँक म्हणते, आधी ताट भरून दाखवा. गुंतवणूकदार म्हणतो, आधी चव बघू. आणि घरात तर तूप नाही.

अमेरिकेत या तुपाची सोय रोलंड टिबेट्स नावाच्या एका सरकारी अधिकाऱ्याने लावली. 1977 साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानात त्यांनी हा प्रयोग सुरू केला आणि 1982 मध्ये त्याचा कायदा झाला. सही रेगन यांची. सरकारने कशातच पडू नये म्हणणाऱ्या राष्ट्राध्यक्षाने यावर सही करावी, याची मला अजून मौज वाटते. नियम सोपा आहे. ज्या खात्याचं बाहेर द्यायचं संशोधनाचं अंदाजपत्रक 10 कोटी डॉलरच्या वर, त्याने त्यातला ठरावीक वाटा छोट्या कंपन्यांसाठी बाजूला काढायचा. 2017 पासून हा वाटा 3.2 टक्के ठरला. याला एसबीआयआर म्हणतात. 500 माणसांपर्यंतची कंपनी तिथे लघु. आपल्याकडे तेवढ्या माणसांचा मालक सत्काराला उशिरा येतो, पण ते असो.

तिथल्या ऊर्जा खात्याची रीत बघा. पहिला टप्पा साधारण 2 लाख डॉलरचा, काही महिने ते वर्षभराचा. त्यात एवढंच दाखवायचं की कल्पना चालते की नाही. ती चालली तर दुसरा टप्पा, साधारण 11 लाख डॉलर आणि दोन वर्षं. तिसऱ्या टप्प्याला या डब्यातून छदामही नाही, बाजारात जा. हे कर्ज नव्हे, सरकार कंपनीत भागही मागत नाही आणि पेटंट कंपनीकडेच राहतं.

आता माझा मुद्दा. यातला कुठला टप्पा खरा उपयोगी पडला? सब्रिना हॉवेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी याच ऊर्जा खात्याची 1983 ते 2013 ची दप्तरं तपासली. युक्ती अशी की खातं अर्जांची क्रमवारी लावतं आणि पैसे संपले की खाली रेघ मारतं. रेघेच्या लगेच वरची कंपनी आणि लगेच खालची कंपनी यांत गुणाचा फरक फारसा नसतो, नशिबाचाच असतो. मग पुढे दोघींचं काय झालं ते ताडून पाहायचं. पहिला टप्पा मिळालेल्या कंपनीला नंतर खासगी गुंतवणूकदार मिळण्याची शक्यता 10 टक्क्यांवरून 19 टक्क्यांवर गेली, जवळजवळ दुप्पट! आणि दुसरा टप्पा, जिथे त्याच्या कितीतरी पट पैसा ओतला जातो? त्याचा परिणाम फारच किरकोळ निघाला. हा लेख 2017 साली छापून आला.

काही जण म्हणतील, सरकारी शिक्का बसला म्हणून गुंतवणूकदार धावले असतील. बाईंना तसं आढळलं नाही. त्या पैशातून प्रत्यक्ष नमुना तयार झाला, तो चालला किंवा चालला नाही, आणि ते दोन्ही बाजूंना कळलं. म्हणजे शिक्का नव्हे, तूप. ज्या कंपन्यांच्या घरात अजिबात तूप नव्हतं, त्यांना फायदा सगळ्यात जास्त झाला. ज्यांनी वर्षानुवर्षं अनुदानं घेतली होती, त्यांना नव्या अनुदानाचा उपयोग कमी. अर्ज लिहिण्यात तरबेज असलेल्या कंपन्या अमेरिकेतही आहेत, तो आपलाच मक्ता आहे असं समजू नका.

एक उदाहरण. ए123 सिस्टीम्स ही एमआयटीतून निघालेली बॅटरीची कंपनी. लिथियम आयर्न फॉस्फेट या, सहसा पेट न घेणाऱ्या रसायनावर तिने बॅटऱ्या केल्या. सुरुवातीला हाताशी आलं ते ऊर्जा खात्याचं 1 लाख डॉलरचं अनुदान. नमुना चालला, गुंतवणूकदार आले, विजेच्या अवजारांत आणि गाड्यांत बॅटऱ्या गेल्या. मग 2009 मध्ये मंदीच्या काळातल्या मोठ्या पॅकेजमधून 24.9 कोटी डॉलर मंजूर झाले. मिशिगनमध्ये कारखाना उभा राहिला. 2012 च्या मार्चमध्ये तिथल्या सदोष बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. चीनच्या वानशियांगने ती विकत घेतली. वर्तमानपत्रांनी सरकारला धुऊन काढलं. पण कोणत्या पैशाबद्दल? लाख डॉलरने आपलं काम चोख केलं होतं. ताटभर अनारसे फसले ते नंतर, मोठ्या कढईत, आणि त्याची कारणं वेगळी. विजेच्या गाड्यांना गिऱ्हाईकच अजून... नाही, त्यात शिरलो तर वेळ जाईल.

आपल्याकडे काय? नावासकट त्याच धर्तीची 'एसबीआयआरआय' योजना जैवतंत्रज्ञान विभागाने 2005 साली आणली. पुढे 'बिग' अनुदान आलं, 50 लाखांपर्यंत, दीड वर्षासाठी. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर त्याचं एक केंद्र आहे. उत्तम योजना, पण ती जैवतंत्रज्ञानाची. बॅटरी, इंधनघट, इन्व्हर्टर असं काही डोक्यात असलेल्या मुलाला 'निधी-प्रयास' आहे, 10 लाखांपर्यंत. तेही पहिल्या घाण्याचंच तूप, म्हणून मला प्रिय. फक्त पळी लहान आहे.

आणि 2025 मध्ये केंद्राने संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी 1 लाख कोटींचा निधी मंजूर केला. आनंद आहे. पण त्याची अट वाचलीत का? तंत्रज्ञान सज्जतेच्या नऊ पायऱ्यांपैकी चौथी आणि त्यावरची. चौथी म्हणजे प्रयोगशाळेत चालवून दाखवलेलं. म्हणजे पहिला अनारसा तळून, चाखवून झाल्यावर या! श्रोतेहो, मी तेच तेच बोलतोय असं वाटत असेल तर बरोबर आहे, मी तेच बोलतोय. एवढ्या मोठ्या कढईच्या शेजारी एक छोटी पळी टांगायला फार खर्च येत नाही.

दुसरी अडचण हिशेब तपासणाऱ्यांची. पहिला अनारसा हसला, तर ते त्याला 'निष्फळ खर्च' म्हणतात. अहो, हसला म्हणूनच पीठ सुधारलं ना? दहा जणांना थोडे थोडे पैसे दिले आणि सहा जणांनी 'हे चालत नाही' असं सप्रमाण लिहून दिलं, तर ते सहा अहवाल कपाटात जपून ठेवायला हवेत. सातवा माणूस तीच चूक पुन्हा...

काचेपलीकडून खूण झाली आहे, आवरतो. जे तरुण अर्ज लिहिताहेत त्यांना एकच विनंती. पहिल्याच अर्जात कारखान्याची चित्रं काढू नका. या पैशात मी नेमकी कोणती एक गोष्ट तपासणार, आणि ती चुकीची निघाली तर मला कशावरून कळेल, एवढं दोन ओळींत लिहा. विद्यापीठाच्या जोडीने करायचं असेल तर अमेरिकेत एसटीटीआर नावाची वेगळी वाट आहे. त्यात निदान 40 टक्के काम कंपनीचं आणि निदान 30 टक्के संस्थेचं असावं लागतं. आपल्या महाविद्यालयांनी ती पाहायलाच हवी, पण ते आज राहिलं.