पांढरी काठी निवडताना



१४ ऑक्टोबरला आपला धम्मचक्र प्रवर्तन दिन. दुसऱ्याच दिवशी, १५ ऑक्टोबरला, पांढरी काठी दिन असतो. अमेरिकेत १९६४ साली तो सुरू झाला. त्या निमित्ताने संस्थेने अंध बांधवांना काठ्या द्याव्यात, अशी सूचना आहे. सूचना चांगली आहे. पण एकाच मापाचा गठ्ठा आणून मंचावर वाटण्यास आमचा विरोध आहे.

धम्मपदाच्या अट्ठकथेत चक्खुपाल थेरांची कथा आहे. अंग न टेकता साधना केल्याने त्यांची दृष्टी गेली. श्रावस्तीला जाताना त्यांचा भाचा, श्रामणेर पालित, काठीचे टोक धरून पुढे चाले. वाटेत त्याचे वर्तन बिघडले. थेरांनी त्याच्या हाती टोक देणे नाकारले आणि ते रानात एकटे पडले. पुढे शक्र वाटसरू होऊन आला म्हणून निभावले. आपल्या खेड्यांतही काठीचे एक टोक आजोबांच्या हाती आणि दुसरे नातवाच्या हाती दिसते. त्यात नातवाची शाळा बुडते. आता प्रत्येक गावी शक्र कुठून आणायचा?

इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज यांनी १९२१ साली आपली काठी पांढरी रंगवली, ती वाहनचालकांना दिसावी म्हणून. १९४४ मध्ये रिचर्ड हूव्हर यांनी दृष्टी गमावलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी लांब, हलकी काठी आणि ती फिरवण्याची पद्धत बसवली. तेव्हापासून काठी वाट चाचपू लागली.

म्हणून माप महत्त्वाचे. सरळ उभे राहून जमिनीपासून छातीच्या हाडापर्यंत उंची घ्यावी. ढांग मोठी असेल तर काठी थोडी लांब ठेवावी. आखूड काठीला खड्डा कळतो तेव्हा पाय त्यात गेलेला असतो. ही काठी भार टेकण्यासाठी नाही. ज्या वृद्धांना आधार हवा, त्यांची आधाराची काठी वेगळी.

शाळा-कॉलेजसाठी गंगाखेड-जिंतूरहून एसटीने येणाऱ्या विद्यार्थ्याला घडीची काठी सोयीची. शेतरस्त्याने जाणाऱ्याला अखंड काठी बरी. तिच्यात सांधे नसतात आणि जमिनीचा स्पर्श हाताला स्पष्ट कळतो. टोकाकडेही पाहावे. बारीक टोक फरशीच्या फटीत अडकते, फिरते टोक आपल्या काळ्या मातीच्या चिखलात भरून बसते. टोक झिजतेच, म्हणून बदली टोक मिळते का, हे काठी घेतानाच विचारावे.

दिल्लीच्या आयआयटीत तयार झालेली स्मार्टकेन २०१४ साली बाजारात आली. ध्वनिलहरींनी ती समोरचा, गुडघ्यावरचा अडथळा ओळखते आणि मूठ थरथरते. बाभळीची वाकलेली फांदी किंवा उभ्या ट्रकचा मागचा भाग साध्या काठीला कळत नाही, तिथे तिचा उपयोग आहे. खड्डा मात्र काठीच्या टोकानेच शोधावा लागतो, आणि चार्जिंग विसरून चालत नाही.

काठीबरोबर शिकवणारा माणूसही हवा. डावा पाय पुढे पडताना टोक उजवीकडे, उजवा पडताना डावीकडे, आणि झोका खांद्यांहून किंचित रुंद. हे एका दुपारी जमत नाही. केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेतून पात्र व्यक्तींना काठी मिळू शकते. तेव्हा संस्थेचा पैसा प्रशिक्षकाच्या प्रवासखर्चावर आणि बदली टोकांवर घालवावा, असे आम्ही सुचवतो.

विद्यार्थी मित्रहो, आधी टेप घेऊन घरोघरी जा. उंची लिहा, रोजची वाट कोणती ते विचारा आणि काठी कोणत्या हातात धरणार तेही लिहून आणा.