साठा किती, आणि कुणाच्या कोठारात?

(जत, आटपाडी, माण व खटाव तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांगलीत साठा म्हटलं की जुन्या माणसांना हरिपूरची पेवं आठवतात. जमिनीच्या पोटात हळद वर्षानुवर्षं राहायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं गेली. पेवात किती पोती आहेत हे व्यापाऱ्याला ठाऊक असायचं, पिकवणाऱ्याला नाही. कापसाच्या बाबतीत आपण आजही तिथंच आहोत. आपल्या तालुक्यांत कापूस थोडा, शाळू जास्त. पण दोन-चार एकरांवर कापूस असला तरी त्याचा दर आपल्या बाजार समितीत ठरत नाही, म्हणून आज चीनचा आणि आपला साठा शेजारी शेजारी ठेवून बघू.

आधी माप सारखं करू. आपली गाठ १७० किलोची. अमेरिकेचं कृषी खातं साऱ्या जगाचा हिशेब मांडतं, तो सुमारे २१८ किलोच्या गाठीत. त्यांच्या १०० गाठी म्हणजे आपल्या १२८. शिवाय आपलं कापूस वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्यांचं १ ऑगस्टला. पेपरात नुसता ‘गाठी’ असा आकडा आला की कोणती गाठ आणि कोणती तारीख, हे आधी विचारा.

आता चीन. २०११ च्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे २५ लाख टनांच्याही आत रुई शिल्लक होती. त्या वर्षी सरकारनं टनाला १९,८०० युआन दर बांधला, पुढं तो २०,४०० केला, आणि येईल तो माल घेऊन कोठारात टाकला. २०१५ पर्यंत हा साठा १ कोटी ४० लाख टनांच्या आसपास गेला. आपल्या मापानं आठ कोटींवर गाठी! आपलं २०१४-१५ चं सगळं पीक ३८६ लाख गाठींचं होतं. जगातल्या शिलकी रुईपैकी निम्म्याहून जास्त एकट्या चीनकडे.

एवढा साठा म्हणजे दर पडायला हवेत, असं पुस्तक सांगतं. कृषी महाविद्यालयात आम्हीही तेच शिकलो. पण ती वर्षं आठवा. रुई कोठारात कुलूपबंद होती, चीनमधला भाव जगाच्या वर होता, म्हणून तिथल्या गिरण्या बाहेरून रुई आणि सूत घेत होत्या. २०१३-१४ मध्ये आपण सुमारे ११७ लाख गाठी निर्यात केल्या. २०१४ मध्ये चीननं ती खरेदी थांबवली आणि शिनजियांगच्या शेतकऱ्याला दरातला फरक रोख द्यायला सुरुवात केली. आपली निर्यात एका वर्षात ५८ लाख गाठींवर आली. बाजार हमीभावाला टेकला, लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा ४,०५० रुपये होता, आणि भारतीय कापूस निगमला ८७ लाखांच्या आसपास गाठी घ्याव्या लागल्या. म्हणजे त्यांनी कोठार भरायचं थांबवलं आणि आपलं भरू लागलं. चीननं २०१६ ते २०१८ या तीन हंगामांत लिलाव करून ८० लाख टनांवर रुई बाहेर काढली.

आपल्या सरकारचा साठ्याकडे बघायचा डोळा वेगळा आहे. चीन खरेदी करत होता, ऐन तेव्हा ५ मार्च २०१२ ला दिल्लीनं कापसाची निर्यात बंद केली. कारण सांगितलं, देशातल्या गिरण्यांना रुई पुरली पाहिजे. त्या वेळचे कृषिमंत्री शरद पवार जाहीरपणे म्हणाले की आपल्याला विचारलंच नाही! आठवड्यात माघार घ्यावी लागली, पण दर पडायचा तो पडला. २०२४-२५ मध्ये निगमनं १०० लाख गाठींच्या घरात खरेदी केली. तो माल विकणं चालू असतानाच १९ ऑगस्ट २०२५ पासून ३१ डिसेंबरपर्यंत आयातीवरचा ११ टक्के कर काढला. शेतातली बोंडं तेव्हा फुटायची होती.

तिसरा एक साठा आहे, आपल्या घरातला. २०२१-२२ मध्ये दर १०,००० च्या वर गेला, म्हणून पुढल्या हंगामात लोकांनी कापूस घरात रचला. ‘थांबा’ म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. हिवाळ्यात नऊ हजारांच्या आसपासचा दर उन्हाळ्यात सात हजारांवर आला, पोरांच्या अंगाला खाज सुटली ती वेगळीच. गिरण्यांकडे मागणी किती, आपल्यासारखी किती घरं भरलेली आहेत, यातलं काहीच हातात नसताना आम्ही सल्ला दिला. ती चूक आमची.

शाळवाचं तसं नाही. तो घरी खायला राहतो, कडबा दावणीला जातो.

स्पेनमध्ये ऑलिव्ह नावाच्या फळाचं तेल काढतात. तिथल्या घाण्यांना आणि तेल भरणाऱ्या कारखान्यांना आपल्याकडचा साठा दर महिन्याला सरकारला कळवावा लागतो, आणि त्यांची बेरीज सगळ्यांसाठी जाहीर होते. आपली मागणी तेवढीच आहे: जिनिंग, गिरण्या आणि निगम यांच्याकडची रुई दर महिन्याच्या १ तारखेला जाहीर करा, १७० किलोच्या गाठीत.

तोवर आपलं काम आपण करू. येत्या १ तारखेला प्रत्येक गावानं घरोघरचा कापूस क्विंटलमध्ये लिहून तालुक्याच्या वहीत द्यावा. नावं नकोत, नुसती गावाची बेरीज. जतची वही या बैठकीतच फिरते आहे.