हिरकणी आणि भिंत

हिरा म्हटला की डोळ्यांपुढे अंगठी, कर्णफुले नाहीतर राजमुकुट उभा राहतो. परंतु जगातील पुष्कळसे हिरे दागिन्यांच्या पेटीत कधीच जात नाहीत. ते कारखान्यांत आणि बांधकामांवर राबत असतात. भिंतीला गोल भोक पाडणारी पोकळ नळी हे या राबणाऱ्या हिऱ्याचेच एक रूप होय.

छिन्नी-हातोड्याने दगड फुटतो तो ठोक्याने. आणि ठोका भोकापुरताच थांबत नाही. जुन्या भिंतीतील चुना सुटतो, भोवतालचा गिलावा पोकळ होतो. नळासाठी ४ इंची भोक पाडावयास जावे आणि भिंतीला हातभर खिंडार पडावे, हा अनुभव गवंड्यांना नवा नाही. हिऱ्याची नळी मात्र भिंतीला ठोकत नाही, झिजविते. त्यातही ती सगळ्या दगडाचा भुगा करीत नाही. केवळ कडेचे वर्तुळ कापून मधला गाभा अखंड बाहेर काढते.

ही कल्पना पुरातन आहे. प्राचीन ईजिप्तचे कारागीर तांब्याच्या नळीखाली वाळूसारखी भुकटी घालून ग्रॅनाइट विंधीत. खंबायतचे अकीक-कारागीर सामत्याच्या टोकाला हिऱ्याच्या कण्या बसवून मणी विंधीत आले आहेत. पुढे १८६२ च्या सुमारास जिनीव्हाचे घड्याळतज्ज्ञ जॉर्ज-ऑग्यूस्त लेशो यांनी नळीच्या तोंडावर हिरे बसवून खडक कापण्याची युक्ती काढली. १९५४ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला आणि हे महाग हत्यार हळूहळू सामान्य बांधकामाच्या आवाक्यात आले.

आजच्या नळीच्या तोंडाशी दातांसारखे लहान तुकडे असतात. धातूच्या भुकटीत हिऱ्याच्या कण्या मिसळून, ते मिश्रण दाबून व तापवून हे दात घडवितात. त्यांचे मर्म झिजण्यात आहे. वरच्या कण्या बोथट झाल्या की भोवतालचा धातू झिजतो, त्या गळून पडतात आणि खालच्या ताज्या कण्या उघड्या होतात. म्हणून कठीण ग्रॅनाइटला लवकर झिजणारा मऊ धातू लागतो, तर रेताड विटेला चिवट धातू. निवड चुकली तर नळी गुळगुळीत होऊन नुसती फिरत राहते. अशा वेळी अधिक जोर लावणे व्यर्थ. रेताड दगडात ती थोडी फिरविली की तिला पुन्हा धार येते.

परंतु हत्यार जपण्याहून माणूस जपणे महत्त्वाचे. दगड, वीट व काँक्रीट यांच्या बारीक धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेली की फुप्फुसे निबर होतात. या सिलिकोसिसवर बरे करणारा उपाय नाही. नळीवर सोडलेली पाण्याची धार दात थंड ठेवते, त्याचबरोबर ही धूळ बसविते. जेथे कोरडेच काम करणे भाग असते, तेथे धूळ खेचणारे यंत्र आणि योग्य मुखपट्टी हवीच. पाण्याचा खर्च वाचवून कामगाराचा श्वास खर्ची घालणे हा हिशेब कोणत्याही मालकास शोभणारा नाही.

आणखी एक विवेक आवश्यक आहे. काँक्रीटमधील लोखंडी सळईही ही नळी निमूटपणे कापते. म्हणून भार वाहणाऱ्या तुळईला वा भिंतीला ती लावण्यापूर्वी अभियंत्याला विचारलेच पाहिजे. हिरा सर्व काही कापू शकतो. काय कापू नये, हे मात्र माणसानेच ठरवावयाचे असते.