अवघड चित्रपटांची वाट

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त वडोदरा येथे झालेले भाषण)



ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलापाशी आलेला वाचक बहुधा एकच मागणी करतो : 'काहीतरी चांगले द्या.' ग्रंथपाल मुरलेला असेल तर तो लगेच कपाटाकडे वळत नाही. यापूर्वी काय वाचले, कोणते पुस्तक अर्धवट टाकले आणि कोणत्या पानावर टाकले, याची तो चौकशी करतो. चित्रपटरसिकांच्या बैठकीतही हाच प्रश्न निघतो; पण तेथे उत्तरादाखल नावांची यादी मिळते आणि तिच्यापुढे 'अप्रतिम', 'चुकवू नये' असे शेरे असतात. रसिक मोठ्या आशेने चित्रपट पाहावयास बसतो आणि वीस मिनिटांत चुळबुळ करू लागतो. शेवटी एक तर आपल्याला यातले काही कळत नाही असा ग्रह करून घेतो, नाही तर शिफारस करणाऱ्यालाच ढोंगी ठरवतो. दोष त्याचा नसतो. वाट चढणीची आहे, एवढे सांगून भागत नाही. चढ नेमका कोठे लागतो आणि तेथे आधार कशाचा घ्यावा, हे सांगणे हे शिफारस करणाऱ्याचे कर्तव्य होय.

हा विषय ग्रंथालयाच्या व्यासपीठाला परका नाही. वडोदऱ्यात तर मुळीच नाही. दादासाहेब फाळके याच शहरातील कलाभवनात शिकले. ३ मे १९१३ रोजी त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला. त्याच काळात सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बोलावलेल्या विल्यम बॉर्डन यांच्या देखरेखीखाली बडोदे संस्थानचे ग्रंथालय खाते आकार घेत होते. पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गावोगाव पाठविणाऱ्या त्या खात्यात चित्रे आणि चलच्चित्रे दाखविणारी एक स्वतंत्र शाखाही होती. पाहणे हेही एक प्रकारचे वाचन आहे, ही जाण या संस्थानाने फार लवकर दाखविली. तो धागा पकडून येथे पाच चित्रपटांची शिफारस करावयाची आहे. प्रत्येकाच्या गुणांबरोबर, त्यात प्रेक्षकाला उठून जावेसे वाटते ती जागाही सांगावयाची आहे.

पहिला चित्रपट घरचाच. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला आणि पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. आजचा प्रेक्षक अडखळतो तो त्यातील चमत्कारांपाशी. आकाशातून येणारे विमान पाहून तो हसतो आणि चित्रपट जुना झाला असे समजतो. अशा वेळी नजर तुकारामांवरून काढून जिजाईवर ठेवावी. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम देवाच्या नादात चालतो. गौरीबाईंनी उभी केलेली जिजाई चुलीपाशी, म्हशीपाशी आणि मुलांपाशी पाय रोवून उभी आहे. मूल आजारी पडते तेव्हा ती देवळात शिरून खुद्द विठोबाला जोडा दाखविते. वैकुंठाला येण्याचे पतीचे बोलावणे ती मुलांसाठी नाकारते. भक्ती थोर की भाकरी, या वादात चित्रपट कोणालाही हरवीत नाही. तो वाद दिसू लागला की चमत्कार आड येत नाहीत. उलट, त्या प्रत्येक चमत्काराची किंमत घरात कोण मोजते आहे, हे लक्षात येऊ लागते.

प्रभातच्या पुण्यातील त्याच आवारात १९६० साली चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था सुरू झाली. तेथे शिकलेल्या मणी कौल यांचा 'उसकी रोटी' १९६९ साली तयार झाला. मोहन राकेश यांच्या कथेवरील हा चित्रपट पाच शिफारशींतील सर्वांत कठीण. बसचालक नवऱ्यासाठी भाकरी घेऊन बालो थांब्यावर उभी राहते. एक दिवस तिला उशीर होतो, तो रागावून निघून जातो आणि ती रात्र होईपर्यंत तेथेच थांबते. एवढेच कथानक. पात्रे भावनेचा चढउतार न करता बोलतात. बालोच्या मनातले आणि प्रत्यक्षातले यांच्यामधली रेघ पुसलेली असते. उठून जावेसे वाटणारी जागा येथे एक नाही. पहिल्या दहा मिनिटांनंतर ती सर्वत्र आहे. अशा वेळी 'पुढे काय होणार' हा प्रश्नच बाजूला ठेवावा. के. के. महाजन यांच्या कॅमेऱ्याने टिपलेले हात, पदर, कणीक, रस्ता आणि झाडाची सावली एवढेच पाहावे. वाट पाहणाऱ्या बाईचा वेळ इतर कोणी कधी मोजत नाही. येथे तो प्रेक्षकाला स्वतः काढावा लागतो. कंटाळा येतो तो चित्रपटाचा, की तिच्या आयुष्याचा, ही शंका ज्याच्या मनात आली त्याला चित्रपट कळू लागला असे समजावे.

पुण्याच्या त्या संस्थेत मणी कौल यांना शिकविणारे ऋत्विक घटक नेमके दुसऱ्या टोकाचे. शिष्य आवाज दाबतो, तर गुरू तो टिपेला नेतो. त्यांचा 'मेघे ढाका तारा' १९६० सालचा. फाळणीने उखडलेले पूर्व बंगालमधील एक कुटुंब कलकत्त्याच्या परिसरातील निर्वासितांच्या वस्तीत राहते आणि थोरली मुलगी नीता ते कमाईवर ओढते. भाऊ तिच्या पैशावर गाणे शिकतो. ज्याच्याशी तिचे लग्न व्हावयाचे तो धाकट्या बहिणीचा होतो. नीतेच्या वाट्याला क्षय येतो. सुशिक्षित प्रेक्षक येथे नाक मुरडतो : हे अश्रू फार झाले, आणि पार्श्वभूमीला चाबकाचा आवाज कशासाठी? तो फटका पडद्यावर कोणी मारीत नाही. आणि म्हणूनच तो ऐकावयाचा. घरातील प्रत्येक जण सज्जन आहे, प्रत्येकाची अडचण खरी आहे आणि सर्वांनी मिळून एकीला संपविले आहे. असा गुन्हा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दिग्दर्शकाने तो कानांवर घातला. अखेरीस डोंगरांत घुमणारा नीतेचा जगण्याचा हट्ट ऐकून आपल्या घरातील एखादी अविवाहित आत्या किंवा मोठी बहीण ज्याला आठवत नाही, असा मध्यमवर्गीय प्रेक्षक विरळा.

कुटुंबाचाच विषय, पण चाबूक नाही, अश्रूही जवळजवळ नाहीत, असा चौथा चित्रपट जपानचा : यासुजिरो ओझू यांचा 'टोकियो स्टोरी', १९५३. ओनोमिची या गावातील वृद्ध दांपत्य टोकियोत स्थायिक झालेल्या मुलांकडे जाते. मुलगा डॉक्टर, मुलगी केशभूषेचे दुकान चालविणारी; दोघांनाही सवड नाही. आईवडिलांची सोय म्हणून त्यांना आतामीच्या उन्हाळी स्थळी धाडून दिले जाते. त्यांना मनापासून वेळ देते ती युद्धात मरण पावलेल्या मुलाची पत्नी नोरिको. गावी परतल्यावर आई जाते. चित्रपट सव्वादोन तासांचा आणि कॅमेरा जवळजवळ हलत नाही. तो जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या उंचीवर ठेवलेला असतो. अधूनमधून नुसती धुराडी, वाळत घातलेले कपडे किंवा आगगाडी दिसते आणि प्रेक्षकाला वाटते, हे कशाला? तो विसावा आहे. आधीच्या प्रसंगात कोण काय बोलले नाही, हे मनात उतरण्यासाठी दिलेला. मुलगी वाईट नाही, हे ओझू शेवटपर्यंत विसरू देत नाहीत; आणि चांगली नोरिकोही स्वतःला तितकीशी चांगली समजत नाही. परगावी बिऱ्हाड थाटून चार पिढ्या काढलेल्या समाजाला या चित्रपटाची ओळख करून द्यावी लागू नये. ज्या मराठी घरांतून मुले आणखी दूर गेली आहेत, तेथे आतामी वेगळ्या नावाने ठाऊक आहे.

पाचवी शिफारस सर्वांत अलीकडची आणि या श्रोतृवर्गाला सर्वांत अडचणीची. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ साली व्हेनिस येथे दोन पुरस्कार मिळाले. वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा की, त्यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला. खटला तारखांमागून तारखा घेत चालतो. कॅमेरा दूर, स्थिर. प्रसंग संपल्यावरही तो रेंगाळतो. प्रेक्षक येथे कंटाळून घड्याळ पाहील, पण खरी उठून जाण्याची जागा निराळी आहे. सरकारी वकील नूतन ही मराठी मध्यमवर्गीय गृहिणी. गीतांजली कुलकर्णींनी ती इतकी ओळखीची केली आहे की तिचा राग येत नाही. सुट्टीच्या दिवशी ती सहकुटुंब मराठी नाटकाला जाते. त्या नाटकात परप्रांतीयाला घराबाहेर काढले जाते आणि प्रेक्षागृह टाळ्या देते. तिच्यासमोर उभा राहणारा बचावाचा वकील मात्र घरी गुजराती बोलणारा, मुंबईत वाढलेला.

वडोदऱ्याच्या मराठी माणसाने हा प्रसंग पाहताना कोणत्या बाजूला बसावे? मुंबईच्या त्या नाट्यगृहातील टाळ्या त्याच्या भाषेतल्या आहेत; पण त्या टाळ्यांच्या न्यायाने तो स्वतः येथे परप्रांतीय ठरतो. गायकवाडांच्या काळापासून गुजराती शेजाऱ्यांसह राहिलेल्या समाजाला हा प्रश्न मुंबईकरापेक्षा अधिक बोचावा. चित्रपट उत्तर देत नाही. टाळ्यांचा आवाज तेवढा ऐकवितो. स्वतःच्या भाषेतील टाळी ऐकून क्षणभर हात आखडता घेण्याची वेळ जो चित्रपट आणतो, त्याच्याइतके मोठे आव्हान परभाषेतील कोणतीही श्रेष्ठ कृती देऊ शकणार नाही.

या पाचही चित्रपटांतील अवघड जागा वेगवेगळ्या आहेत. कोठे जुनी श्रद्धा, कोठे संथपणा, कोठे आवाज, कोठे मौन, तर कोठे आपलीच लाज. पण जेथे प्रेक्षकाला उठावेसे वाटते, तेथेच त्या त्या चित्रपटाने आपले सांगणे ठेवले आहे, हे पाचांनाही सारखेच लागू पडते.

एके काळी असे चित्रपट पाहावयास मिळणे हेच दुर्मिळ होते. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आदींनी १९४७ साली कलकत्त्यात फिल्म सोसायटी काढली, तिच्या मागोमाग गावोगाव मंडळे झाली आणि उसन्या प्रक्षेपकावर, खुर्च्या स्वतः मांडून लोकांनी जगाचा चित्रपट पाहिला. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले नसते तर जुन्या चित्रपटांपैकी आणखी कितीतरी नामशेष झाले असते. आज घरच्या पडद्यावर पुष्कळ काही बोटाच्या स्पर्शाने मिळते. पण ज्या बोटाने चित्रपट लागतो त्याच बोटाने तो बंदही होतो. मंडळाच्या अंधारात उठून जावयाचे तर शेजाऱ्याचे गुडघे ओलांडावे लागत. त्या संकोचाने अनेकांना शेवटपर्यंत बसविले आणि शेवटपर्यंत बसल्यामुळेच अनेक जण रसिक झाले.

तो शेजार ग्रंथालयाला देता येईल. महिन्यातून एक संध्याकाळ, एक चित्रपट, आरंभी त्याची अवघड जागा सांगणारी पाच मिनिटे आणि अखेरीस चहाबरोबर मोकळी चर्चा. यासाठी मोठा निधी लागत नाही. शंभर वर्षे या संस्थेने वाचकाला पुढचे पान उलटावयास लावले. दुसऱ्या शतकात तिने प्रेक्षकाला आणखी दहा मिनिटे बसावयास लावावे, एवढी अपेक्षा व्यक्त करणे या प्रसंगी अनुचित होणार नाही.