कायद्याचे कॉलेज आणि आपला सातबारा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे वाडवडील सांगून गेले. पण आपण पायरी हौसेने चढत नाही, आपल्याला चढावी लागते. बांधाचा वाद, भावकीची वाटणी, भूसंपादनाची नोटीस, न उगवलेले बियाणे. कागद पुढे येतो, त्यातले काही उमगत नाही आणि आपण सही करून मोकळे होतो. म्हणून आज कापसाचा भाव थोडा बाजूला ठेवून कायद्याच्या कॉलेजाबद्दल बोलू.

२०१४ च्या कायद्याने आपल्या राज्यात राष्ट्रीय विधी विद्यापीठे आली. नागपूरचे २०१६ मध्ये सुरू झाले. ते बुटीबोरीजवळ वारंग्याला आहे, म्हणजे थेट आपल्या कापूसपट्ट्यात. नाव विद्यापीठाचे असले तरी पसारा लहान आणि विषय एकच, कायदा. बारावीनंतर पाच वर्षांत पदवी आणि वकिलीचे शिक्षण एकत्र होते.

तिथे पोराला काय मिळते? पुस्तक तर मिळतेच. शिवाय लुटुपुटीचे कोर्ट भरवून बाजू मांडायला शिकवतात. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पाच वर्षांत किमान २० आठवडे बाहेर जाऊन काम शिकावे लागते. ते वकिलाकडे, न्यायाधीशाकडे, एखाद्या संस्थेत, अगदी स्थानिक स्वराज्य संस्थेतही करता येते. आणि प्रत्येक कायद्याच्या कॉलेजात गरिबांसाठी विधी साहाय्य केंद्र असावे, असाही नियम आहे.

आम्ही शेतकीचे पदवीधर. शेवटच्या वर्षी आम्हाला गावात राहून शेतकऱ्याच्या बांधावर काम करावे लागले. बोंडअळी पुस्तकात पाहिली होती, ती तिथे ओळखता आली. वकिलीचेही तसेच आहे. पण बियाणे फसले तर कोणता कागद जपायचा, हे आम्हाला चार वर्षांत कोणी शिकवले नाही.

तो कागद किती मोलाचा आहे ते पाहा. आंध्रच्या शेतकऱ्यांनी सदोष बियाण्याबद्दल राष्ट्रीय बीज निगमावर ग्राहक मंचात दावे केले. निगम म्हणाले, तक्रार बियाणे कायद्याखाली करा, आणि तपासायला बियाण्याचा नमुना कुठे आहे? २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शेतकरी हा ग्राहकच आहे, आणि घेतलेले सगळे बी तो पेरणारच, नमुना कुठून ठेवेल? शेतकरी जिंकले. आज ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. घेतलेल्या मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण पावती, पिशवी, लेबल आणि पाहणीचा अहवाल जपलेला हवा. हे सांगायला सर्वोच्च न्यायालय कशाला? कायदा शिकणारे एक पोर पुरते.

आता खरे सांगतो. या विद्यापीठाची फी वर्षाला लाखांत जाते आणि प्रवेशपरीक्षा इंग्रजीतून आहे. ज्वारीवर घर चालवणाऱ्याला ती सहज पेलणारी नाही. शिकून निघालेली बरीच मुले मोठ्या कंपन्यांकडे जातात. त्यांना दोष देऊ नका, कर्ज काढून शिकलेला पगाराकडे जाणारच. पण दुसरी वाटही आहे. पदवीनंतर तीन वर्षांचा कोर्स इतर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत आहे, आणि त्याची राज्याची प्रवेशपरीक्षा मराठीतूनही देता येते. पापळच्या शेतकरी घरातले पंजाबराव देशमुख बॅरिस्टर झाले आणि देशाचे कृषिमंत्रीही. कायदा आपल्या घराला परका नाही.

म्हणून दोन कामे करू या. गावातल्या हुशार मुलामुलींना, विशेषतः मुलींना, या परीक्षांची माहिती द्या. दुसरे, जवळच्या कायद्याच्या कॉलेजाला आपण पत्र लिहू: त्या २० आठवड्यांपैकी चार आठवडे तुमची मुले आमच्या तालुका कचेरीत पाठवा. जेवण आमच्याकडे. शिकणारे पोर कोर्टात उभे राहू शकत नाही, पण सातबारा, फेरफार, नोटीस वाचून अर्ज नक्की लिहू शकते. पुढे वकील लागला तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्नाच्या माणसाला तिथे मोफत वकील मिळतो.

त्या मुलांना शिकायला खरा कागद हवा आहे. तो आपल्या ट्रंकेत पडून आहे. पुढच्या बैठकीला येताना सोबत आणा.